काखेतला दुपट्टा

सुखदेव आबाजी. आधी हे नाव लिहितो, मग बाकीचं. सांगता सांगता मी भरकटतो आणि ज्याचं नाव घ्यायला बसलो तोच मागे राहतो, ही माझी खोड मला ठाऊक आहे. घाटंजीच्या आठवडी बाजारात जिथं बकऱ्या विकायला बसतात, त्याच्या अलीकडे एक कडुलिंब आहे. त्याच्या बुडाशी गोणपाट टाकून हजामत करणारा म्हातारा माणूस म्हणजे आबाजी. मी त्यांच्या गावचा नाही, नात्याचा नाही, ओळखीचाही नव्हतो. तरी त्यांनी त्या गोणपाटावर मला अर्धी जागा दिली. दिली नसती तर आज मी कुठे असतो कुणास ठाऊक.

आमच्या दुकानात केस कापायला येणारे एक मास्तर हा अंक काढतात. ते म्हणाले, "तानाजी, कापता कापता जे सांगतोस तेच कागदावर उतरव." मी आठवीत शाळा सोडली. त्यानंतर लांबलचक असं काही लिहिलेलं नाही.  काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या धंद्याबद्दल लोकांना वाटतं की हे बोटांचं काम. कात्री बोटं चालवतात हे खरं, पण बोटांना डोक्यापर्यंत नेऊन तिथं अधांतरी धरून ठेवतो तो खांदा. गिऱ्हाईक उंच खुर्चीत, आम्ही उभे. टाळूवरचे केस घ्यायचे तर कोपर खांद्याच्या उंचीला येतं आणि तिथंच टांगलेलं राहतं. सांगितलेला चहा येईपर्यंत रिकामा हात नुसता तसा धरून बघा, मग कळेल. शिवाय त्या हातानं हलायचं नाही, कारण खाली कुणाचा तरी कान असतो.

हे काम मी गावी मामाकडे शिकलो. गाव गडहिंग्लजच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. गावातला एक जण वणीच्या सलूनमध्ये होता, त्याच्या मागे मी इकडे आलो. वणी म्हणजे कोळसा. खाणीतले कामगार, ट्रकचे ड्रायव्हर, सगळ्यांच्या केसांत काळी पूड. आधी डोकं धुवायचं, मग केस कापायचे. तरी कात्री लवकर बोथट व्हायची आणि संध्याकाळी माझ्याच नाकातून काळं निघायचं. एक ड्रायव्हर खुर्चीत बसला की घोरायला लागायचा. बाहेरून कुणी "गाडी लाव" म्हणून ओरडलं की दचकून उठायचा आणि गळ्यातल्या कापडासकट पळायचा. आमची किती कापडं अशी चंद्रपूरच्या रस्त्याला लागली कोण जाणे.

मला आणणारा तो माणूस लग्न झाल्यावर गावी परतला. मी राहिलो. पुढे घाटंजीला दिनेशभाऊंच्या सलूनमध्ये दुसरी खुर्ची मिळाली, तेव्हा इथं आलो. इथं मला तानाजी कुणी म्हणत नसे. "ए कोल्हापूर, पाणी गरम कर." "कोल्हापूर कुठी गेला बे?" खुद्द कोल्हापूर शहर मी एसटीच्या खिडकीतूनच काय ते पाहिलेलं. गावी गेलो की तिथं म्हणतात, "आला बघा यवतमाळवाला." दोन्हीकडे मी दुसरीकडचाच.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सुचत नाही. दिवसभर सगळ्यांच्या डोक्याला हात लावणारा माणूस मी, पण माझ्या डोक्याला हात लावणारं कुणी नव्हतं. केस वाढले की दुकान झाडून झाल्यावर दिनेशभाऊ मशीन फिरवायचे, मी उभा, तेही उभे. झालं.

खांदा एका दिवसात आखडत नाही. आधी कुरबुर सुरू होते. मागच्या खिशातलं पाकीट काढताना कळ येते. मग आंघोळीला पाठीपर्यंत हात पोचत नाही. मग बनियन डोक्यातून निघत नाही. घरात दुसरं माणूस असलं की ते ओढून काढतं आणि विषय संपतो. मी एकटा. एका संध्याकाळी बनियन अर्ध्यावर अडकलं. तोंडावर कापड, उजवा हात आत, डावा बाहेर, आणि मी खोलीच्या मधोमध तसाच उभा. हाक मारावी तर कुणाला? शेवटी चाचपडत कात्री शोधली आणि ते बनियन पुढून कापलं. त्यानंतर नुसते बटणाचे सदरे घालायला लागलो.

आईचा फोन यायचा.

"कसा हाईस?"

"बरा हाय."

"आवाज का असा बारीक येतोय?"

"रेंज न्हाई गं."

एप्रिलातल्या जयंतीच्या आदल्या दिवशी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बौद्ध वस्तीतली तरणी पोरं सगळी त्या दिवशी येतात. पांढरे शर्ट इस्त्री होऊन घरी टांगलेले असतात, केस तेवढे राहिलेले असतात. माझ्या खुर्चीत कॉलेजात शिकणारा एक जण होता. कानाच्या वर मशीन फिरवून झालं, आता वरचे केस घ्यायचे म्हणून हात उचलला तो निम्म्यावर अडकला. वर जाईना, खाली येईना. कात्री निसटून त्याच्या मांडीवर पडली.

तो आरशात बघून म्हणाला, "कोल्हापूर, अर्धाच रोड बांधून सोडून देतं का बे? सरकारी ठेका हाय का?"

सगळे हसले. मीही हसलो. घाम मात्र कानामागून गळत होता. त्याचं डोकं दिनेशभाऊंनी पुरं केलं.

गर्दी ओसरल्यावर दिनेशभाऊ म्हणाले, "काई नाई, जाम झाला. आण इकडे, मोकळा करून देतो."

हे मोकळं करणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे कटिंग झाली की थोडी मालिश असते. डोक्याची चंपी, बोटं मोडणं, आणि शेवटी गिऱ्हाईकाचा हात मागे नेऊन एक झटका. कट् असा आवाज येतो आणि गिऱ्हाईक खूश. सगळ्या दुखण्यांवर आमचा एकच इलाज, झटका. दिनेशभाऊंनी मनापासून, भावासारखं, माझ्या पाठीत गुडघा रोवला आणि हात वर ओढला. कट् आवाज आला नाही. माझाच आला. रस्त्यावरचे लोक दुकानात डोकावले. दुसऱ्या दिवशी हात बरगडीपासून सुटेना.

यवतमाळला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात हळूच सगळीकडे फिरवून पाहिला आणि पहिलंच विचारलं, "कुणी ओढला का?"

"हो."

"कोणी?"

"मालकानं."

"आता मालक असो की पैलवान, कुणाला ओढू द्यायचा नाही." मग त्यांनी समजावून सांगितलं. खांद्याच्या सांध्याभोवती एक पिशवीसारखं आवरण असतं. ते सुजतं, आवळतं, चिकटून बसतं. याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. रक्तात साखर असेल तर जास्त होतं. माझी साखर तपासली तर तीही निघाली. गोळ्या दिल्या, शेक सांगितला आणि व्यायाम दाखवले. वाकून हात लोंबता सोडायचा आणि गोल फिरवायचा. भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चालवत न्यायची. सुटायला वर्ष लागेल, जास्तही लागेल. "काम करायला हरकत नाही," ते म्हणाले, "फक्त कोपर अंगाजवळ ठेवा."

एसटीत बसल्यावर त्या शेवटच्या वाक्यानं रडू यायचं बाकी राहिलं. कोपर अंगाजवळ ठेवून केस कापणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

दिनेशभाऊंनी काही दिवस वाट पाहिली. मग माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस आला. "बुरा नको मानू गड्या," ते म्हणाले. "खुर्ची खाली राह्यली तं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. तुहा हात बरा झाला का येजो." त्यांची चूक नव्हती. पण मी काय करणार होतो? मामाच्या दुकानात मामाची पोरं उभी राहिली होती. दुसरं काम येत नव्हतं. आणि गावी परतून आईसमोर हा हात घेऊन बसायचं नव्हतं. तिनं मला धडधाकट पाठवलं होतं.

बाजाराच्या दिवशी मी त्या कडुलिंबाखाली नुसता जाऊन बसलो. खोलीत बसवत नव्हतं म्हणून. आबाजी एका शेतकऱ्याची हजामत करत होते. गिऱ्हाईक विटेवर, आबाजी लाकडी पाटावर, गुडघ्याला गुडघा. रिकामपणी मी बघत राहिलो. बघता बघता लक्षात आलं की या माणसाचं कोपर बरगडीपासून हलतच नाही. गिऱ्हाईकाचं डोकं त्यांच्या छातीशी. वरचे केस घ्यायचे तर ते हात उचलत नव्हते, गिऱ्हाईकाची मान वाकवत होते.

तहान लागली म्हणून त्यांना विचारून त्यांच्या लोट्यातलं पाणी डाव्या हातानं प्यायलो.

"काहून बे," ते म्हणाले, "डावखुरा हायेस का?"

"नाही. उजवा खांदा धरलाय."

"धंदा काय करतं?"

"केस कापतो. कापत होतो."

त्यांचा वस्तरा थांबला. "नाव काय तुह्यं?"

"मला कोल्हापूर म्हणतात."

"थे तं गावाचं नाव झालं. मायनं काय ठेवलं?"

"तानाजी."

"तानाजी, इकडे सरक. याची एक बाजू मी केली. दुसरी तू कर."

विटेवरचा शेतकरी अर्ध्या फेसातून म्हणाला, "आबाजी, माह्या गालावर शिकवून राह्यले का याले?"

"तुह्या गालाचं काय बिघडते? बायको तं माहेरी गेली हाय तुही."

मी पाटावर बसलो. वस्तरा हातात घेणार, तेवढ्यात आबाजी म्हणाले, "थांब. पहिले हे." त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढला, त्याची घडी केली आणि माझ्या उजव्या काखेत दाबली. "हा पडला तं समजजो कोपर उठलं. माह्या बापानं मले असंच शिकवलं. कोपर घरी ठेवाचं, मनगट बाजाराले पाठवाचं."

दुपट्टा पडला. आबाजींनी उचलला, धूळ झटकली, परत काखेत ठेवला. पुन्हा पडला. पुन्हा ठेवला. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्या शेतकऱ्याची दुसरी बाजू व्हायला इतका वेळ लागला की पहिल्या बाजूला परत खुंट दिसायला लागतील असं मला वाटलं. पण झाली. उठताना तो गालावरून हात फिरवत म्हणाला, "जमते याले."

दुकानात आम्ही गिऱ्हाईकाभोवती फिरतो. इथं उलटं. आपण जागचं हलायचं नाही, हनुवटीखाली दोन बोटं लावून डोकं आपल्याकडे आणायचं. डोकं कसं आणायचं हेच खरं शिकणं. जोर केला तर माणूस मान ताठ करतो. नुसता हात ठेवून थांबलं तर त्याची मान आपोआप सैल पडते आणि सगळं ओझं तुमच्या तळव्यात येतं. आणखी एक फरक म्हणजे बाजारात समोर मोठा आरसा नसतो. दुकानात लोक आरशात स्वतःकडे बघत माझ्याशी बोलायचे. इथं ते माझ्याकडे बघत. म्हणून मग विचारत. तिकडे काय पिकते? इतक्या दूर कायले आला? माय हाय का? अशा प्रश्नांची उत्तरं देण्याची माझी सवय मोडली होती. पहिल्या पहिल्यांदा मी नुसतं "हो", "नाही" म्हणायचो.

गिऱ्हाईकंही तिथली निराळी. कोलामांच्या पोडावरचे, म्हणजे वस्तीवरचे, एक गृहस्थ यायचे. मराठी कमी बोलत. मिशीला हात लावायचा नाही हे ते बोटानं बजावत, दर बाजाराला, जसं काही मी मागच्या खेपेला कापलीच होती. एक बकऱ्यांचा व्यापारी होता. अर्ध्या दाढीवर त्याची बकरी कुणीतरी सोडली, तसा तो फेसासकट धावला. येताना बकरी आणली आणि सोबत ती विकत घेणारा माणूसही. उरलेली अर्धी दाढी होईस्तोवर विटेवर बसूनच त्यानं सौदा मिटवला. दोघांचीही मान एकसारखी हलत होती आणि माझा वस्तरा हवेत. आबाजी शेजारून म्हणाले, "दुपट्टा सांभाळ."

गिऱ्हाईक नसलं की मी व्यायाम करायचो. झाडाला डावा हात टेकून वाकायचं, उजव्या हातात पाण्याचा लोटा धरायचा आणि हात गोल झुलवायचा. तोच बकऱ्यांचा व्यापारी एकदा ओरडला, "आबाजी, तुमचा माणूस विहिरीचं पाणी शोधून राह्यला का?"

"हो," आबाजी म्हणाले. "लागलं का पहिले तुलेच आंघोळ घालतो."

बाकीच्या दिवशी ते आजूबाजूच्या गावांत फिरत. मी पिशवी घेऊन मागे. दुपारी त्यांच्या डब्यातली भाकर अर्धी माझ्यापुढे असायची. मी नको म्हटलं की म्हणत, "साखरवाल्यानं उपाशी राहू नाई म्हंते."

खोलीत मात्र परत मी आणि भिंत. बोटं वर चालवत न्यायची, जिथं थांबतील तिथं कोळशानं रेघ मारायची. सुरुवातीची रेघ माझ्या छातीशी होती. कित्येक दिवस रेघेवर रेघ, जाड काळा डाग झाला, पुढे काही नाही. तेव्हा मी भिंतीशी बोलायचो. शिव्याही द्यायचो. दिवाळीला घरमालकीणबाईंनी रंगरंगोटी काढली. मी कामावरून आलो तर सगळी खोली पांढरीशुभ्र, आणि दाराशेजारी एक उभी पट्टी तशीच मळकी, रेघांसकट. बाई दारातून म्हणाल्या, "तुमचं काईतरी मोजमाप हाय ना ते? राहू दिलं." मी भिंतीशी बोलतो ते त्यांना ऐकू जात असणार. 

एका बाजाराला, गोणपाट गुंडाळायच्या आधी, आबाजी म्हणाले, "उठू नको. विटेवर बस."

"कशाला?"

"आरशात पाह्यलं का? न्हाव्याचेच केस असे वाढले तं गिऱ्हाईक कायले येईन?"

मी विटेवर बसलो. त्यांनी हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि माझं डोकं आपल्या छातीशी आणलं. सावकाश कापलं, बाजूचा बाजार उठत होता तरी घाई केली नाही. गाव सोडल्यापासून कुणी असं डोकं धरलं नव्हतं. मान सैल पडली आणि डोळे भरून आले.

आबाजींनी वाकून पाहिलं. "काय झालं? साबण तं अजून लावलाच नाई."

हात सुटायला लागला तो कधी, हे सांगता येणार नाही. काळ्या डागाच्या वर एक बारीक रेघ गेली, मग आणखी एक. बनियन निघायला लागलं. दिनेशभाऊंकडचा माणूस नागपूरला निघून गेला तेव्हा त्यांनी स्वतः बाजारात येऊन मला बोलावलं, आणि चारचौघांत "तानाजी" म्हणून हाक मारली. आबाजींनीच त्यांना तसं सांगितलं असणार. आता मी परत खुर्चीमागे उभा असतो, खुर्ची पार खाली घेऊन, डोकं छातीशी आणून. मालिश करतो, झटका देत नाही. गिऱ्हाईक मागतं, तरी देत नाही.

पण याच वर्षी आबाजींचे गुडघे गेले. पाटावर बसवत नाही, बसलं तर उठवत नाही. बाजारातली जागा अशी असते की एक-दोनदा रिकामी दिसली की तिथं कुणी प्लॅस्टिकच्या बादल्या मांडतो आणि मग ती त्याची होते. म्हणून बाजाराच्या दिवशी मी दुकानातून सुटी घेतो आणि कडुलिंबाखाली गोणपाट टाकतो. दिनेशभाऊ कुरकुरतात, "खुर्ची असून मातीत कायले बसतं बे?" मी म्हणतो, जागा सांभाळतोय.

मागच्या महिन्यात आबाजींच्या गावी गेलो. खाटेवर बसले होते, पाय पुढे सरळ. दाढी स्वतः करतात, पण केस मानेवर आलेले. मी म्हटलं, चला आबाजी, मी कापतो. विटेवर बसणं त्यांना आता शक्य नव्हतं. मग म्हटलं, दुकानात चला, खुर्चीत बसा. ते कधीच कुणाच्या खुर्चीत बसलेले नाहीत.

"खुर्चीत बसलो तं या गुडघ्यापायी थे उंच करा लागन, मंग तुले हात वर घ्या लागन," ते म्हणाले. "दाखव बरं."

मी हात उचलला. कानापर्यंत आला. त्याच्या वर जाताना खांदा कानाकडे चढायला लागला, जसा आखडलेला चढतो. त्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"वीतभर कमी हाय अजून. घाई नको करू. पुरा जाईन तवा घेऊन ये तुही खुर्ची. तोवर केस वाढतीन, आपलं काय जाते?"

मी हो म्हणून आलो. तेव्हापासून मला एकच धास्ती आहे, माझा हात आधी वर जातो की त्यांचं वय आडवं येतं. म्हणून रोज सकाळी भिंतीपाशी उभा राहतो. जिथवर पोचायचं ती वरची खूण ट्यूबलाइटच्या पट्टीशी आहे. बोट तिथं टेकेल त्या दिवशी दिनेशभाऊंची जुनी खुर्ची ऑटोत घालून आबाजींच्या अंगणात नेईन. त्यांना बसवीन, आणि पायानं दाबत दाबत ती खुर्ची पार वर चढवीन, त्यांचे पाय सरळ राहतील इतकी. मग कोपर उचलून, कुठेही न टेकता, त्यांचे केस कापीन. काखेत काही नसेल. तो दुपट्टा अजून माझ्याकडे आहे, धुऊन घडी घालून ठेवलाय. त्या दिवशी तो त्यांच्या गळ्यात बांधीन.